पाच पोरींचं वतन

बावीस वर्षांचा, ओठावर मिशी फुटलेला, एका बैठकीत चार भाकरी चेपणारा गडी साठीच्या बाईच्या मांडीवर नेमका कसा बसवतात, हा प्रश्न त्या घरात सुभद्रेशिवाय कोणालाच पडला नव्हता. नत्थुजीकाका तर मुहूर्त काढून मोकळे झाले होते. दत्तकाचा कागद त्यांनी अकोटहून लिहवून आणला होता. गेला महिनाभर तो बंडीच्या खिशात घालून ते रोज सकाळी यायचे, ओसरीवर बसायचे, चहा प्यायचे, कागद उलगडून समोर ठेवायचे आणि चहा संपला की पुन्हा घडी घालून घरी न्यायचे. घड्या पडून पडून कागद मधोमध फाटायला आला होता, पण सुभद्रेच्या मायचा, पार्वताबाईचा, अंगठा काही त्यावर उमटला नव्हता.

उमटला नव्हता म्हणून सुभद्रा खूश होती, असं मात्र कोणी समजू नये. कारण माय ‘नाही’सुद्धा म्हणत नव्हती. होय म्हण नाहीतर नाही म्हण, पण काहीतरी म्हण की बाई! रोज संध्याकाळी मायचे पाय चेपता चेपता सुभद्रा विषय काढायची आणि माय डोळे मिटून म्हणायची, "पाहू." सकाळी काका पुसायचे, त्यांनाही तेच. एवढ्याशा शब्दानं माणसाचं डोकं इतकं उठू शकतं, हे सुभद्रेला चौतिसाव्या वर्षी कळत होतं.

सुभद्रेचे वडील खुशालराव आषाढात गेले. मुलगा नाही, दोन मुली. भावाभावांच्या वाटण्या वीस वर्षांपूर्वीच झालेल्या. त्यामुळे अठ्ठावीस एकर काळी जमीन बायकोकडे आली होती आणि तिच्यामागे ती मुलींकडे जाणार होती. अकोल्याच्या वकिलानं तसं स्वच्छ सांगितलं. पण त्याच दमात त्यानं हेही सांगितलं, की विधवेनं दत्तक घेतला की सगळं त्या दत्तकाचं. मुलींनी मग भाऊबीजेला यावं, ओवाळावं, लुगडं घ्यावं आणि आपल्या घरी जावं.

सुभद्रेला आपलं घरच नव्हतं. तेल्हाऱ्याला दिली होती ती, विसाव्या वर्षी कपाळ पांढरं करून परत आली. त्याला चौदा वर्षं झाली. सुरुवातीला चूल, मग खळं, मग वावर. शेवटची पाच वर्षं बाप दम्यानं खाटेला खिळला होता, तेव्हा पेरणी, डवरणी, कापसाचा वेचा, सगळं तिनंच ओढलं. कोणत्या बांधावर पाणी तुंबतं आणि कोणत्या तुकड्यातली पऱ्हाटी आधी फुटते, हे तिला पाठ होतं. उद्या काकांचा मुलगा सूर्यभान या घराचा धनी झाला, की हीच सुभद्रा त्याची भाकर थापणारी बहीण होणार होती. 

आज द्वादशी होती. काका चांगला दिवस साधून सूर्यभानलाही घेऊन आले होते. तो बिचारा नवं धोतर नेसून दाराला टेकून उभा होता आणि पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. धाकटी बहीण माणिक अकोल्याहून काल आली होती, या महिन्यातली तिची तिसरी खेप. तिच्या नवऱ्याला शाळेतून रजा मिळाली नाही म्हणे, पण निरोप भरपूर पाठवले होते.

"वयनी, आज देऊन टाका अंगठा," काका म्हणाले. "म्हंजे तुमीबी मोकळ्या, आमीबी मोकळे."

"मले कुठी जाची घाई आहे भाऊजी?" माय म्हणाली.

"पर काही तं बोलान! कार्तिक अर्धा सरला."

"त्याईच्या मनात काय होतं ते समजल्याबिगर मी कशी देऊ?"

गेल्या आठ दिवसांपासून मायनं हे नवीन काढलं होतं. त्याईच्या मनात काय होतं! माणूस गेला, मन त्याच्याबरोबर गेलं, आता काय चितेच्या राखेला पुसायचं? सुभद्रेनं कपाळावर हात मारून घेतला होता. पण मग तिच्या डोक्यात उजेड पडला आणि तिनं अमरावतीला मोरोपंतांना कार्ड टाकलं.

मोरोपंत म्हणजे खुशालरावांचे शाळासोबती. अमरावतीत एका मिशनच्या साहेबाला मराठी शिकवता शिकवता त्यांनी पंचवीस वर्षं काढली. साहेब ज्यू लोकांच्या जुन्या पोथ्या मराठीत आणत होता आणि पंत त्याची भाषा सोवळ्यात ठेवत होते. दरवर्षी हुरड्याला ते गावी येत आणि त्या पोथ्यांतल्या गोष्टी खुशालरावांना सांगत. एका राजानं एका गरीब माणसाचं वावर भाजीपाला लावायला मागितलं आणि तो म्हणाला, वाडवडिलांचं वतन आहे, राजा असशील तर तुझ्या घरी, मी देत नाही. हे ऐकून खुशालरावांनी मांडीवर थाप मारली होती, "हा तं आपल्या तेल्हाऱ्याचाच मानूस दिसते!" पण त्यांची खरी आवडती गोष्ट दुसरीच होती. बापामागे वतन मागणाऱ्या पाच बहिणींची. ती त्यांनी पंतांकडून वहीत उतरवून घेतली होती आणि सुभद्रेला शंभरदा सांगितली होती. बाबांच्या मनात काय होतं याला याहून मोठा पुरावा कोणता हवा होता?

पंत बाराच्या सुमाराला आले. अकोल्यापर्यंत आगगाडी, अकोटपर्यंत मोटर, पुढं बैलांची दमणी. उतरले ते कंबर धरूनच. पाय धुतले, ताक प्यायले, आणि नत्थुजीकाकांना बघून म्हणाले, "अरे वा, आपणही आहात. बरं झालं. दोन्ही पक्ष हजर असले की पोथीला रंग येतो."

"कोनती पोथी?" काकांनी भुवया वर केल्या.

"बाबानं लिहून घेतली ते," सुभद्रा म्हणाली आणि पेटीतली वही तिनं पंतांच्या हातात दिली. "मायले पायजे ना, बाबाच्या मनात काय होतं? आयक मंग."

"ते मिशनचं? घ्या! आता माह्या भावाची इस्टेट ख्रिस्ताव लोक वाटनार!"

"ख्रिस्तीही नव्हे, त्यांच्याही आधीचं आहे हे," पंत शांतपणे म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला. तो ते फार वेळ पुसत. सुभद्रेच्या जिवाची नुसती तगमग होत होती.

शेवटी एकदाचं सुरू झालं. पंत वाचत कमी आणि सांगत जास्त. देश मिळायचा होता, अजून मिळाला नव्हता. माणसं रानात तंबू ठोकून होती. कोणाला कुठलं वावर द्यायचं याची शिरगणती चाललेली, घराण्याघराण्याच्या पुरुषांची नावं लिहिणं चाललेलं. त्या यादीत सलाफहाद नावाच्या माणसाचं घर आलं. तो मेलेला. मुलगा नाही. पाच पोरी.

"नावं सांगतो. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा."

"होग्ला?" माणिक खुदकन हसली.

"तुझं नाव त्यांना ऐकवलं असतं तर त्याही हसल्या असत्या. ऐक. या पाचजणी उठल्या आणि थेट देवाच्या तंबूच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. समोर त्यांचा पुढारी मोशे, याजक, सगळे सरदार, सगळी मंडळी. आणि म्हणाल्या, आमचा बाप रानात मेला. त्यानं बंड केलं नाही, कोणाचं वाकडं केलं नाही. त्याला मुलगा नव्हता, एवढ्यावरून त्याचं नाव कुळातून पुसून टाकता? आमच्या बापाच्या भावांमध्ये आम्हालाही वतन द्या."

"मंग?" सूर्यभान दारातून दोन पावलं आत आला होता.

"मोशेला काही सुचेना. त्यानं देवाला विचारलं. देव म्हणाला, पोरी बरोबर बोलतात."

सुभद्रेनं मायकडे पाहिलं. माय वाती वळत होती, पण तिचे हात थांबले होते. आता तवा तापला आहे, असं सुभद्रेला वाटलं.

"वतन म्हनता तुमी पंतजी," काका म्हणाले, "पर वतन म्हंजे पाटीलकी. पाटीलकी माह्याकडं आहे. बाईमानसाले पाटीलकी भेटल्याचं मी तं काही आयकलं नाही. तुमचं पुस्तकच चुकलं."

पंतांचा चष्मा नाकावरून घसरला. त्यांना कोणी उपाशी ठेवलं असतं तर चाललं असतं, पण शब्दाला हात लावलेला चालत नसे.

"पुस्तक चुकलं असेल नत्थुजी, शब्द चुकलेला नाही! अकरा दिवस भांडलोय मी या शब्दासाठी. साहेब म्हणे मालमत्ता लिहा. म्हटलं, मालमत्ता बाजारात जाते. मग म्हणे मिळकत. म्हटलं, मिळकत मिळवावी लागते, आणि हे तर मिळवलेलंच नाही, चिठ्ठ्या टाकून देवानं दिलेलं. त्यांच्यात वावर कायमचं विकता येत नाही. अडचणीत विकलं तरी पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकतात आणि ज्याचं त्याला परत. माणूस वावराचा, वावर माणसाचं नव्हे. याला आपल्या भाषेत दुसरा शब्द आहे? सांगा! आहे?"

"नसन बाप्पा," काका मागं सरकले.

"मग साहेबही असाच मागं सरकला."

सुभद्रेला वाटलं, उठून पंतांच्या पाया पडावं. मायच्या डोळ्यांत काहीतरी हललं होतं, काकांचा कागद बाजेवर पालथा पडला होता, सगळं मनासारखं झालं होतं. ती घाईनं म्हणाली, "झालं ना पंतजी. ठेवा आता वही, पानं वाढतो."

"झालं कुठं? पुढं आहे की."

"पुढं काय आहे?" सुभद्रेनं चमकून विचारलं. बाबांची गोष्ट इथंच संपायची. पोरी बरोबर बोलतात, असं म्हणून ते कूस बदलायचे.

"आठ अध्याय सोडून पुढं आहे. खुशालला मी दोन्ही उतरवून दिले होते." आणि सुभद्रा हात पुढं करेपर्यंत पंतांनी चार पानं उलटलीसुद्धा. "तर मग त्या सलाफहादच्या कुळातले पुरुष मोशेकडे आले. म्हणाले, महाराज, पोरींना वतन दिलंत ते ठीक. पण उद्या त्या दुसऱ्या कुळात लग्न करून गेल्या, तर त्यांच्याबरोबर आमचं वतनही त्या कुळात गेलं. आमचा वाटा कमी झाला, त्याचं काय?"

 नत्थुजीकाका असे सरळ बसले, की बाज करकरली.

"वा रे वा! मी काय म्हनून राहिलो महिनाभर? हेच म्हनून राहिलो ना? वावर कुळाभाईर जाऊ नये! मोशे काय म्हने?"

"मोशे म्हणाला, हेही बरोबर बोलतात."

"आयका!" काकांनी दोन्ही हात वर केले. "देवमानूस होता!"

"दोन घटका पयले ते मिशनचं पुस्तक होतं," सुभद्रा दात आवळून म्हणाली.

"पुस्तक कोनाचंबी असो, गोष्ट न्यायाची आहे. आता ही मानिक. अकोल्याच्या कुळात गेली. तिले वावराचं नखबी भेटत नाही. पोथीच म्हनते."

माणिक इतका वेळ काकांच्या बाजूला बसली होती. ती अशी उठली, जशी काही खाली मुंग्याच निघाल्या. "नखबी नाही? मंग नाल्याकाठचे चार एकर कोन देनार होतं? दत्तक होऊ दे मानिक, चार एकर तुहे, असं गनपतीत तुमीच म्हटलं ना काकाजी?"

"कोनते चार एकर?" सुभद्रा म्हणाली.

"ते... ते आपलं घरातलं बोलनं होतं," काका म्हणाले.

"अस्सं!" सुभद्रा बहिणीकडे वळली. "म्हनून तू एक महिन्यापासून सूर्यभान गुनाचा, सूर्यभान गुनाचा, करून राहिली! चार एकरात विकली मले?"

"तुले सारे अठ्ठावीस पायजेत ते चालते, मले चार पायजे तं मी वाईट! पर आता सांगतो, मले नाही पायजे दत्तक. काही नाही पायजे. बाबाच्या पोरी आपन, जे होईन ते दोघीईचं!" आणि माणिक सुभद्रेच्या शेजारी येऊन बसली. महिनाभर जिला समजावून सुभद्रेचं तोंड दुखलं होतं, ती काकांच्या एका वाक्यानं वळली. यात आनंद मानावा की डोकं आपटावं, हे सुभद्रेला ठरवता येईना.

तेवढ्यात सूर्यभाननं तोंड उघडलं. खरं म्हणजे त्याला कोणी विचारलं नव्हतं, पण गोष्ट त्याला आवडली होती. "पंतजी, मंग त्या पोरींनी लगन कोनासंग केलं?"

पंतांनी वहीकडे पाहिलं. सुभद्रेनं डोळे वटारले, मान हलवली, खोकून पाहिलं. पण ज्या माणसानं पंचवीस वर्षं दुसऱ्याच्या पोथीतली एक ओळ गाळली नाही, तो आता काय गाळणार?

"चुलतभावांशी," पंत म्हणाले.

 माणिकनं तोंडाला पदर लावला. काकांनी राम राम म्हणत कानाला हात लावले. सूर्यभान सुभद्रेकडे पाहून इतका दचकला, की त्याचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. "अरे बाप रे! सुभद्राताई माही बहीन आहे! दहा दिवस नाही झाले, तिनं मले ओवाळलं!"

"तुले कोन म्हनून राहिलं रे लगन कर!" सुभद्रा किंचाळली.

"त्यांच्यात चालतं ते," पंत समजावू लागले. "आपल्यात जसं मामाच्या मुलीशी..."

"पंतजी! मी तुमाले कशाले बलावलं, अन् तुमी काय करून राहिले? अर्धी गोष्ट सांगतली असती तं आभाळ कोसळलं असतं का?"

"अर्धा अध्याय वाचून वही मिटता येत नाही, सुभद्रा."

"बाबा तं अर्धीच सांगत!"

"त्याला अर्धीच आवडायची," पंत म्हणाले आणि कसनुसे हसले. "तू लहान होतीस. तुझ्या लग्नाआधीची गोष्ट. पुढचं वाचल्यावर म्हणाला, पंत, दुसरं पान माझ्या पोरीला दाखवायचं नाही. माझ्या लक्षातच राहिलं नाही."

सुभद्रेला ती वही छातीशी धरावीशी वाटली आणि त्याच वेळी तिनंच पंतांना बदडावं असंही वाटलं. बाबांच्या मनात काय होतं, ते हे होतं. आणि ते आता सांगून उपयोग काय? काका हसत होते, माणिक खिदळत होती, सगळा विचका झाला होता.

"पंतजी."

मायचा आवाज होता. एवढ्या गोंधळात ती काही बोलली नव्हती, म्हणून सगळे तिच्याकडे वळले.

"त्या पोरीईच्या मायचं नाव काय होतं?"

पंतांनी चष्मा वर केला. "मायचं?"

"हो. पाचई पोरीईची नावं सांगतली तुमी. बापाचं सांगतलं."

"आजाचंही आहे," पंत पान उलटत म्हणाले. "हेफेर. मग गिलाद, मग माखीर, मनश्शे, थेट योसेफापर्यंत आहे. आणि मायचं..." त्यांनी मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. "मायचं लिहिलेलं नाही."

"मेली होती का?"

"तेही नाही लिहिलेलं."

"म्हंजे जिती असन."

"असेल."

"मंग तिले कोनी पुसलं का?"

 पंतांनी वही हळूच मिटली. "अकरा दिवस एका शब्दासाठी भांडलो," ते म्हणाले, "आणि इथं एक माणूसच नाही, हे मला दिसलं नाही, पार्वताबाई."

मायनं वातींचं ताट बाजूला सारलं.

"मी दहा सालची होती तवा या घरात आली," ती म्हणाली. आवाज चढवणं तिला ठाऊकच नव्हतं. "भावाभावाच्या वाटन्या झाल्या, मले पुसलं नाही. हंडे कोनते ठेवाचे तेबी नाही पुसलं. सुभद्रीचं लगन तेल्हाऱ्याले ठरलं, सुपारी फुटल्यावर मले सांगतलं. मले ते घर पसंत नव्हतं. कोनाले सांगू? हे गोष्ट त्याईनं पोरीले शंभर खेपा सांगतली, मी चुलीजोळूनच आयकली. मले कधी म्हटलं नाही का पार्वते, तू ये, तू आयक."

"माय, तसं नाही..." सुभद्रा म्हणाली.

"माहं होऊ दे. आता एक महिना झाला, सारे मले पुसून राहिले. भाऊजी रोज येते, पुसते. मानिक अकोल्याहून शेव घेऊन येते, पुसते. तू पाय चेपते अन् पुसते. काहून? त्या कागदाले माहा अंगठा लागते म्हनून. मी हो म्हटलं तं दुसऱ्या दिवशी कोनी येत नाही. नाही म्हटलं तं बी कोनी येत नाही, कारन मंग माह्या मरन्याचीच वाट पाहाची आहे, त्याले अंगठा लागत नाही. म्हनून मी म्हनत होती पाहू. मले बरं वाटत होतं."

सुभद्रेला वाटलं, कोणी तोंडावर पाणी मारलं. पाय चेपणं तिनं कधी सुरू केलं? बाबांचं तेरावं झाल्यावर? नाही. काकांनी कागद आणला, त्या संध्याकाळी. चौदा वर्षं एका घरात राहून तिनं मायला काय काय विचारलं, ते आठवायचा तिनं प्रयत्न केला. मीठ कुठं आहे, हे विचारलेलं तिला आठवलं. दुसरं काही आठवेना, आणि तिला स्वतःचीच शरम वाटली.

मायनं बाजेवरचा कागद उचलला आणि काकांच्या हातात दिला. "नेऊन टाका भाऊजी. मी दत्तक घेत नाही. सूर्यभान चांगला पोरगा आहे, पर मांडीवर बसवला तं मांडी मोडन माही."

सूर्यभाननं सुटकेचा असा श्वास टाकला, की काकांनी त्याच्याकडे जळजळीत नजरेनं पाहिलं. "वयनी, विचार करा. माह्या भावाचं नाव बुडन."

"बुडू द्या. माहं तं कधी वर आलंच नाही."

 काकांनी पागोटं सारखं केलं, पंतांना रामराम केला आणि मुलाला पुढं घालून निघाले. माणिकला धीर निघेना. "म्हंजे माय, आता वावर आमा दोघी..."

"मानिक, मी जिती आहो," माय म्हणाली. 

पंत जेवून, ओसरीवर थोडं लवंडून, तिसऱ्या प्रहरी परत गेले. दमणीत बसताना त्यांनी वही मागितली नाही आणि सुभद्रेनंही दिली नाही. ती परत आली तेव्हा माय तुळशीपाशी उभी होती. सुभद्रेचं मन भरून आलं होतं. जमीन वाचली होती, चौदा वर्षांची मेहनत वाचली होती, आणि ते सगळं मायनंच वाचवलं होतं. ती उत्साहानं म्हणाली, "बरं झालं माय. उद्या आठ बाया सांगतल्या आहेत, वेचा सुरू करून टाकतो. पयले नाल्याकडून..."

मायनं तिच्याकडे नुसतं पाहिलं.

 चौदा वर्षं जे आपलं आपण ठरवलं, ते विचारायचं म्हणजे काय करायचं, हे सुभद्रेला कळेना. राग आला. आधी मायचा, मग स्वतःचा. शेवटी तिनं विचारलंच. "माय, उद्या बाया कोन्या वावरात लावू?"

माय बराच वेळ विचार करत राहिली. हा प्रश्न तिला या जन्मात पहिल्यांदाच कोणी विचारला होता. "खारीच्या वावरात लाव," ती म्हणाली.

खारीच्या वावरातलं बोंड अजून आठ दिवस फुटायचं नव्हतं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. सुभद्रेनं तोंड उघडलं, आणि मिटलं.

"बरं," ती म्हणाली.

सकाळी तिनं खरोखरच आठ बाया खारीच्या वावरात नेल्या. बाया हसल्या, एकमेकींना कोपरखळ्या मारल्या, आणि हिरव्या बोंडांमधून चुकार एखादं पांढरं शोधत फिरू लागल्या. नऊ वाजेपर्यंत सगळ्यांचा मिळून कमरेला बांधलेला एक ओटा भरला नव्हता. सुभद्रा बांधावर बसून मनातल्या मनात कपाळ बडवत होती. एवढ्यात शेताच्या धुऱ्यावरून माय येताना दिसली. डोक्यावर पदर, हातात काठी. वावराकडे ती किती वर्षांनी येत होती, देव जाणे.

माय पऱ्हाटीत शिरली. एक बोंड तिनं बोटांनी दाबून पाहिलं, दुसरं पाहिलं. मग बायांच्या रिकाम्या ओट्यांकडे पाहिलं. तिचा चेहरा लाल झाला.

"काहून वं सुभद्रे! हे तं अजून कच्चं आहे! तुले दिसत होतं ना? मंग काल सांगतलं काहून नाही?"

"तू मले कुठी पुसलं?" सुभद्रा म्हणाली.

बाया वेचायच्या थांबल्या. माय काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. तिला राग आला होता, हे स्पष्ट दिसत होतं. पण ओठांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं. शेवटी तिनं काठी खाली टाकली आणि सुभद्रेशेजारी बांधावर बसली.

"मंग पुसतो," ती म्हणाली. "सांग. कोन्या वावरात न्याच्या बाया?"